आमची वाटचाल : वागळे इस्टेटमधला गाळा

२०१६ च्या दसऱ्याला, माहिती गुप्त ठेवणाऱ्या कूटलेखनाचं सॉफ्टवेअर बनवायला, आम्ही दोघांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पोटमाळ्यासकट एक गाळा भाड्याने घेतला. त्याआधी नोकरीत मी वर्षानुवर्षं सी भाषेत कूटलेखनाचा कोड लिहीत होतो. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड उघडकीला आला, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला दोष. समोरच्याने सांगितलेली संदेशाची लांबी ओपनएसएसएल तपासतच नव्हतं, त्यामुळे एका विनंतीला ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर जायची. त्यात कुणाचा पासवर्ड, कुणाची खाजगी किल्ली! सर्व्हर दुरुस्त करत काढलेल्या त्या रात्री मी विसरलेलो नाही. वर्षभराने, मे २०१५ मध्ये, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची १.० आवृत्ती आली. तिथे ॲरेच्या, म्हणजे ओळीने ठेवलेल्या माहितीच्या, हद्दीबाहेर वाचायला गेलं की प्रोग्रॅम जागीच थांबतो. हीच भाषा धरायची, असं आम्ही ठरवलं.

पहिली दोन वर्षं इतर कामांवर भाडं निघालं. "भाषा नवीन, माणसं कुठून आणणार?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी. मग महापेच्या एका उपकरण कारखान्याने विश्वास टाकला.

त्याच कामात आमची मोठी चूक निघाली. संदेशाचा १६ बाइटचा टॅग, म्हणजे तो खरा असल्याची खूण, आम्ही साध्या डबल इक्वलने (==, दोन गोष्टी सारख्या आहेत का ते बघणारं चिन्ह) तपासत होतो. अशी तुलना पहिला फरक सापडला की थांबू शकते. जितके बाइट बरोबर, तितका किंचित जास्त वेळ. तो वेळ चिकाटीने मोजला तर एकेक बाइट हुडकून खोटा टॅग बनवता येतो. रस्टने मेमरी सांभाळली होती. वेळेकडे लक्ष द्यायचं काम आमचं होतं. आमच्या एका सहकारी मुलीने दुसऱ्यांदा कोड वाचताना हे पकडलं.

आता सोळाही बाइट एक्सॉर करतो (जिथे फरक तिथे एक, नाहीतर शून्य), ते फरक ऑर करत एकत्र साठवतो आणि निकाल अगदी शेवटी बघतो. आमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने मधेच पळवाट काढलेली नाही ना, यासाठी तयार झालेली असेम्ब्लीही, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची यादी, वाचतो. चूक आम्हीच जाऊन कारखान्याला सांगितली आणि दुरुस्ती पदरमोड करून दिली. बिल दोन महिने अडकलं, पण पुढची ऑर्डरही त्यांचीच आली.

सध्या एमएल-केईएम हाती आहे, क्वांटम संगणकांपुढेही टिकावी अशी गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत, ऑगस्ट २०२४ मध्ये एफआयपीएस २०३ या अमेरिकी सरकारी मानकाच्या रूपात आलेली. त्यात गणितं ३३२९ ने भागून उरणाऱ्या शेषावर चालतात, आणि गुप्त संख्येला साधा भागाकार लावला तर काही प्रोसेसरवर लागणाऱ्या वेळेवरून पुन्हा गुपित फुटू शकतं. म्हणून असेम्ब्लीचे छापील कागद टेबलावर पसरलेत. भागाकाराची सूचना दिसली की तीच मुलगी तिच्याभोवती लाल पेनने गोल करते. कालच्या कागदांवर असे दोन गोल आहेत.