तुम्ही विचारलंत म्हणून: गप्पीचं पोट

ठाण्यात आमच्या घरी येणारा प्रत्येक जण टाकीपुढे थांबतो. "हिचं पोट एवढं का? फार खायला घालता का?" नाही हो. दिवसातून दोनदा, चिमूटभर. तिच्या पोटात पिल्लं आहेत. बांगड्याची गाभोळी पाण्यात पडते, गप्पीची पडत नाही. ती चारेक आठवडे आत वाढते आणि पोहणारी पिल्लं बाहेर येतात.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण एकदा मलाही ते दिसलं नव्हतं. एका मादीचं पोट चौकोनी झालं, ती तळाला बसून राहिली. मी ठरवून टाकलं, जलोदर. जलोदरात खवले उभे राहतात. तिचे सपाट होते, मी बघितलेही होते. तरी कडक मिठाच्या पाण्यात ठेवली. सकाळी ती मेलेली होती. ब्लेडने पोट उघडलं. आत इवले गोळे, प्रत्येकाला दोन काळे डोळे. सतरा मोजले, पुढे मोजवेना.

मग वाचत सुटले. गप्पीच्या अंड्यात बलक फलनाआधीच भरलेला असतो, म्हणून ओझं पहिल्या दिवसापासून. दिवस भरत आले की शत्रूपासून झटकन निसटणंही तिला जड जातं. तिच्याच कुळातल्या पोसिलिऑप्सिसच्या काही जाती पिल्लांना नाळेसारख्या अवयवातून हळूहळू पोसतात. अंडी बारीक, त्यामुळे आई सुरुवातीला सडपातळ राहते; पोट सुटतं ते शेवटी. आपल्या मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचंही तसंच पोसणं: अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पिल्लू जन्मताना १२ ते १५ सेंटीमीटरचं. ठाण्याच्या बाजारात मावशींनी एक मुशी चिरली तेव्हा नाळेला लटकलेली पिल्लं मी पाहिली आहेत.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, माशाचा आकार पिल्लं ठरवतात. आता तसं म्हणवत नाही. बहामा बेटांवरच्या ज्या खोल डोहांत शिकारी मासे आहेत, तिथल्या गॅम्बुसियाचा, म्हणजे गप्पीच्याच कुळातल्या माशाचा, शेपटीकडचा भाग मोठा असतो, झेप घ्यायला. म्हणजे पोट एकीकडे ओढतं, शेपटी दुसरीकडे. कुणाचं किती चालतं, ते मला ठरवता येत नाही.

आज एक मादी तळाला बसली आहे. खवले सपाट आहेत. सकाळपासून चारदा पाहिलं.