आधी गाऱ्हाणं, मग आरती

वारीत सगळे एक होतात, असं दर आषाढात वाचायला मिळतं. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालताना मला ते तसं दिसलं नाही. माणसं आपापली जात, आपापलं गाव, आपापलं दुखणं घेऊनच चालत होती. तरीही ती एकमेकांशी बोलत होती आणि मला त्याचंच अप्रूप वाटलं. कारण आमच्याकडे बोलणं बंद पडलं आहे. मराठा आणि ओबीसी यांच्यात आरक्षणावरून जे पेटलं, त्यात माझ्या माहेरच्या गावात लहानपणापासूनच्या मैत्रिणी एकमेकींच्या लेकींच्या लग्नाला गेल्या नाहीत. मी ओबीसी घरातली. वडील सरकारी वसतिगृहात राहून शिकले, म्हणून आज मी शिकवते आहे. हे मला कुणासमोर लपवायचं नाही आणि त्याबद्दल अपराधीही वाटून घ्यायचं नाही.

आमची दिंडी माउलींच्या रथामागची. भिशी म्हणजे दिंडीची वर्गणी भरली, राहुटीत जागा मिळाली, पहाटे सामान ट्रकमध्ये टाकलं की दिवसभर फक्त चालायचं. पहिल्या टप्प्यात माझं लक्ष पायांकडेच होतं. दिवे घाटानंतर ते भजनाकडे गेलं. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन बाजू असतात. एका बाजूने चरण म्हणायचं, ते संपलं की दुसऱ्या बाजूने तेच चरण उचलायचं. पहिल्या बाजूचं संपेपर्यंत दुसरी बाजू तोंड उघडत नाही, आणि नीट ऐकलं नसेल तर तिला चाल उचलताच येत नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा वयाने मोठा असला तरी पडतो. मी ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले. ज्यांना आपण साधी, अडाणी माणसं म्हणून बाजूला ठेवतो, त्यांच्या अंगात आळीपाळीने बोलण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे, की तिच्याकडे त्यांचं स्वतःचंही लक्ष जात नाही.

काकूंची गाठ जेजुरीच्या पुढे पडली. बीड जिल्ह्यातल्या, मराठा घरातल्या, डोक्यावर तुळस. वाल्ह्यापर्यंत आम्ही सून, सासर, गुडघे यांवर बोललो. नीरेच्या स्नानानंतर लोणंदच्या वाटेवर त्यांनी सरळ विचारलं, ‘‘तुम्ही कुन्या समाजाच्या?’’ मी सांगितलं. त्या थोडा वेळ नुसत्या चालल्या. मग म्हणाल्या, ‘‘मंग तुला राग येईल, पर मह्या लेकराचं सांगते.’’

आणि सांगितलं. सासऱ्यांची जमीन चार भावांत वाटली गेली, यांच्या वाट्याला दोन एकर कोरडवाहू आली. पोरगा हुशार, भरतीला थोडक्या गुणांनी राहिला, आणि त्याच गावातला, त्याच्याहून कमी गुणांचा मुलगा लागला. तो आता आंदोलनाच्या प्रत्येक सभेला जातो. घरी आला की कुणाशी बोलत नाही. ‘‘त्याला वाटतं, आपलं कुणी चोरलं. म्या काय सांगू त्याला?’’

माझ्याकडे उत्तरं तयार होती. आकडे होते, आयोग होते, कोर्टाचे निकाल होते. पण रस्त्यावर माणूस आपल्या शेजारी असतो, समोर नसतो. त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून वाद घालता येत नाही. दोघांची नजर पुढच्या पताकेवर असते. शिवाय मधेच ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर उठतो आणि बोलणं तिथेच थांबवावं लागतं. पुढच्या विसाव्यापर्यंत मी त्यांना बोलू दिलं. विसाव्यानंतर मी माझं सांगितलं: वडिलांच्या वसतिगृहाचं, आजोबांना वाड्याच्या ओट्यावर चढू न देण्याचं, आणि आमच्या वाट्याचं आता कमी होईल या भीतीचं. त्यांनी मधे एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘ओट्यावर चढू देत नव्हते ते आमचेच का गं?’’ मी हो म्हटलं.

आरक्षणावरचं आमचं मत तेव्हाही जुळलं नाही, नंतरही नाही. तरी रात्री त्यांनी माझ्या पायांना तेल लावलं.

तरडगावच्या तळावर मी समाजआरती नीट पाहिली. याबद्दल मला सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला रिंगण माहीत असतं, हे माहीत नसतं. संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, सगळे टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात, लांब ‘होऽऽ’ अशी हाळी देतात आणि इतका मोठा जमाव गप्प होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते विचारतात, तक्रारीचा तिथल्या तिथे निवाडा होतो, आणि तो पटला की टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर आरती.

त्या संध्याकाळी एक दिंडी वाजवत राहिली. विसाव्यावरून निघताना कुणी तरी क्रम मोडून मधे घुसलं होतं, असं नंतर कळलं. गोष्ट बारीकशी, पण तेवढ्यासाठी देवाची आरती थांबली होती आणि कुणीही ‘आता काय हे, आरतीच्या वेळी’ म्हणून डाफरलं नाही. पालखी सोहळ्याला ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली असं सांगतात. आपण गावात, घरात, विधानसभेत नेमकं याच्या उलट करतो. आधी एकोप्याची आरती म्हणून घेतो आणि जो टाळ वाजवत राहील त्याला फूट पाडणारा ठरवतो. शांतता समित्यांच्या बैठकी मी पाहिल्या आहेत. पाच मिनिटांत सगळ्यांचे हात हातात, फोटो, चहा. तक्रार कुणी विचारतच नाही, म्हणून ती पुढच्या मिरवणुकीत दगड होऊन येते.

फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस हे टप्पे भराभर गेले. पावसाने एक रात्र राहुटीत पाणी शिरलं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पंढरपुरात काकूंनी मला आधी महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी नेलं. वारी सगळ्यांना सामावून घेते म्हणताना ही जागा नजरेआड करता येत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, १३३८ साली. त्यांचे अभंग म्हणजे देवाच्या दारातलं गाऱ्हाणंच आहे. ते वारकरी शतकानुशतकं प्रेमाने गात आले आणि तरी देऊळ दलितांना बंद राहिलं. म्हणजे गाऱ्हाणं गोड चालीत म्हणणं वेगळं, आणि ज्याचं ते आहे त्याच्यापाशी चालत जाणं वेगळं. साने गुरुजी असे चालत गेले. १ मे १९४७ ला पंढरपुरातच त्यांनी उपोषण सुरू केलं, ते १० मे रोजी सुटलं आणि दलितांसाठी देवळाचं दार उघडलं. उपोषणाआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी सभा घेऊन लोकांशी बोलले. ते बोलणं मला उपोषणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. संवाद म्हणजे न्याय पुढे ढकलायची युक्ती आहे, असं माझे काही विद्यार्थी म्हणतात. त्यांचा संशय खरा आहे, बोलणाऱ्याला काहीच सोडायचं नसेल तर. गुरुजी बोलले ते दार उघडायला.

मी हे काकूंना सांगत होते. त्या समाधीला डोकं टेकवून उठल्या आणि स्वतःच्या गावाचं बोलू लागल्या. मागच्या पोळ्याला तिथे बैलांच्या दोन मिरवणुका निघाल्या, दोन वेगळ्या वेशींतून. असं आधी कधीच झालं नव्हतं.

‘‘औंदा पोळ्याच्या आधी मान्सं बसवायचीत देवळात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू ये.’’

‘‘येते. पण मी बाहेरची, मी बोलणार नाही. पहिलं कोण बोलणार?’’

‘‘तुमच्या बाजूचे. त्यांचं गाऱ्हाणं आधी घ्यायचं. आमच्यांना म्या गप बसवते.’’

‘‘आणि तुमचा मुलगा?’’

‘‘त्यालाबी.’’

‘‘नाही ऐकलं तर?’’

‘‘तर त्याचं काय हाय ते पुन्यांदा इचारीन,’’ काकू म्हणाल्या आणि दर्शनाच्या रांगेचं शेवटचं टोक कुठे आहे ते विचारायला पुढे गेल्या.