गांडूळ मेलं, तेव्हा कुठे कळलं

पाच दिवसांची उन्हाळी सुट्टी आणि मुक्काम थेट तलावाच्या काठावर. नदीत गळ टाकायची मला सवय आहे, पण तलावात कॅटफिश, म्हणजे लांब मिशांचा मासा, गरवायला कधी बसलो नव्हतो. तरीही पोचल्या संध्याकाळी भाच्यासमोर मी ठणकावून सांगितलं, की हा मासा तळाशी राहतो, म्हणजे सगळ्यात खोल जागा शोधायची की झालं.

परवाना, रात्री बसायला परवानगी आहे का, एकाने किती गळ टाकायचे, हे आधीच विचारून ठेवलं होतं. अनोळखी पाण्यावर ते पहिलं काम. मग दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारून काठाकाठाने खोली मोजली. एका उभ्या कड्याखाली नऊ मीटर भरली. जागा ठरली.

मांडणी नेहमीचीच. मुख्य दोरी शिशाच्या गोळीतून ओवायची, पुढे एक मणी, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि त्याच्यापुढे हातभर दोरीला गळ. माशाने आमिष उचललं की दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही. दोन रात्री तिथे बसलो. रॉडचं टोक एकदाही हललं नाही.

दुसऱ्या रात्री गुंडाळायच्या वेळी भाचा टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "मामा, गांडूळ मेलंय."

मी म्हटलं, "पाण्यात बुडून मेलं असेल."

"मग सकाळी काठाजवळ टाकलेलं इतका वेळ वळवळत कसं होतं?"

गळावरचं गांडूळ हातात घेतलं. पांढुरकं, लिबलिबीत, कुणी तोंडसुद्धा लावलेलं नाही. शिशाची गोळी बोटाला बर्फासारखी लागली, आणि तिला चिकटलेल्या काळ्या गाळाला सडक्या अंड्याचा वास. आता डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालचं थंड, जड पाणी जागच्या जागी बसून राहतं. वारा ढवळतो तो फक्त वरचा थर. तळाशी पाला-गाळ कुजत राहतो, तोच खालच्या थरातला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि वरून भर पडत नाही. थंडी पडून वरचं पाणी खाली उतरेपर्यंत हे असंच चालतं. उथळ किंवा वाहत्या पाण्यात हा प्रकार होत नाही, म्हणून नदीवर कधी अनुभवाला आला नव्हता. म्हणजे दोन रात्री मी अशा जागी आमिष सोडत होतो, जिथे मासा श्वासच घेऊ शकत नव्हता.

तिसऱ्या दिवशी गोळी सोडून, थोडं थांबून, वर काढून गालाला लावत फिरलो. लोकांनी बघितलं असतं तर वेडा ठरलो असतो. चार मीटरपर्यंत गोळी कोमट, सहाच्या पुढे गार. मग खोलीचा नाद सोडला आणि तलावाला ओढा येऊन मिळतो ते तोंड धरलं. पाणी जेमतेम तीन मीटर, वारा त्याच काठावर येत होता, शेवाळ संपून स्वच्छ तळ सुरू होत होता. कॅटफिशच्या नुसत्या मिशांनाच नाही, अंगभर चव कळते. त्यामुळे हलत्या पाण्यात वास पसरला तर तो माग काढत येतो. आमिषाला कोंबडीची काळीज-कलेजी घेतली. ती फेकताना हमखास गळून पडते, म्हणून शिवणाच्या दोऱ्याने गळाला गुंडाळली. भाच्याला काठावर उड्या मारायला बंदी. या माशाच्या पोटातली हवेची पिशवी बारीक हाडांनी कानाला जोडलेली असते, धपधप त्याला लगेच पोचते.

अंधार पडून अर्धा तास झाला असेल. टोक दोनदा थरथरलं आणि मी सवयीने जोरात हिसका दिला. गळ रिकामा. मी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, लावला होता, आणि त्याला हिसका चालतच नाही. मासा वळून निघाला की हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आपण फक्त दोरी ताणून गुंडाळायची. पुढच्या वेळी हात मांडीखाली दाबून बसलो. रॉड वाकला, वाकतच गेला, रील करकरली, तेव्हा उचलला.

काठाला आला तो अंदाजे अडीच किलोचा असेल. खवले नाहीत, नुसता बुळबुळीत. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे त्याने ताठ करून अडकवून टाकले होते. हे काटे दाबून मिटत नाहीत, म्हणून मागून हात घालून बाजूच्या काट्यांच्या मागेच पकड धरायची. हे मी भाच्याला समजावत होतो आणि समजावतानाच अंगठ्याजवळ एक काटा घुसवून घेतला. त्याच वेळी मासा घर्रर्र-घर्रर्र करू लागला. बाजूचा काटा खोबणीत घासून तो असा आवाज काढतो.

पक्कडीने हुक काढला, पाण्यात सरळ धरून ठेवला. कल्ले दोन-चारदा उघडले-मिटले आणि शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला.

दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकत होता. भाचा फोनवर आईला सांगत होता, "मासा मामाला खूप ओरडला."