तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या बग्गीत कुठलं ऑइल घालू?

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाड्यांबद्दल प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "वापरलेली १/८ बग्गी घेतली आहे. डिफमध्ये कुठलं ऑइल घालू, शॉकमध्ये कुठलं, स्प्रिंग कुठल्या लावू?" (१/८ म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची. डिफ म्हणजे डिफरन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. शॉक म्हणजे शॉक अब्सॉर्बर.) आकडे सांगणं सोपं आहे. डिफमध्ये पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३०००. शॉकमध्ये पुढे ५००, मागे ४००. सगळे सीएसटीमध्ये, म्हणजे ऑइलची जाडी मोजायच्या सेंटिस्टोक्स या एककात. यावर गाडी पळेलही. पण हे ऑइल जिच्यात पडणार ती गाडी मुळात सरळ आहे का, हे कुणी विचारत नाही, आणि वापरलेली गाडी सहसा सरळ नसते.

क्योशो या जपानी कंपनीची इन्फर्नो एमपी९ घ्या. २००९ची ही गाडी. २०१० साली थायलंडमध्ये पटायाला कोडी किंग हिच्यावरच जगज्जेता झाला. नामांकित ड्रायव्हरांच्या सेटिंग शीट (गाडीत काय काय लावलं त्याचे तक्ते) शोधल्या की मिळतात, मग लोक त्या रकान्यामागून रकाना उतरवतात. शीटवरच्या गाडीत नव्या बेअरिंग होत्या, सरळ पिना होत्या आणि खाली त्या दिवशीची माती होती. तुमच्या गाडीच्या मागच्या आर्मची (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याची) पिन वाकलेली असेल तर त्या शीटला रद्दीची किंमत. म्हणून माझं उत्तर नेहमी एकच: आधी गाडी मोकळी करा, मग डावी-उजवी सारखी करा, आकडे त्यानंतर.

सुरुवात ड्राइव्हट्रेनपासून. इंजिन किंवा मोटर सोडवून पिनियन (छोटा गिअर) स्परपासून (मोठ्या गिअरपासून) दूर करा आणि चाकं हाताने फिरवा. नायट्रो (नायट्रो इंधनाच्या इंजिनाची) गाडी असेल तर मधल्या डिफवरचे ब्रेक पॅड मोकळे आहेत ना, ते याच वेळी बघा. घासणारी डिस्क ही खराब बेअरिंगसारखीच वाटते आणि माणूस उगाच गिअरबॉक्स उघडून बसतो. मग बेअरिंग काढा. या वर्गात बहुतेक ठिकाणी ८×१६×५ मापाची असते. बोटावर घालून सावकाश फिरवा, खरखर लागली तर बाद. रबर सील टाचणीने उचलून, पेट्रोलमध्ये धुऊन, थेंबभर हलकं तेल टाकून ती पुन्हा चालवता येते हे खरं, पण एकदा खरखरायला लागलेली बेअरिंग धुण्यात मला अर्थ वाटत नाही. तिच्या गोळ्यांवर खड्डे पडलेले असतात, ते धुऊन जात नाहीत.

डिफ उघडल्यावर आतलं ऑइल राखाडी किंवा काळं दिसेल. ती धातूची भुकटी आहे. सगळं पुसून, धुऊन आतल्या क्रॉस पिनवर नख फिरवा. पायरी लागली तर पिन बदला. आउटड्राइव्हच्या (डिफमधून बाहेर येणाऱ्या जोडाच्या) कपात शाफ्टची पिन जिथे घासते तिथे खाच पडते. ती खोल असेल तर सस्पेन्शन दाबताना शाफ्ट खाचेत अडकतो आणि गाडी गॅसवर असताना मागची बाजू बसायला नकार देते. हा दोष शेकडो लोक शॉकमध्ये शोधतात! शाफ्टची पिन चपटी झाली असेल तर तीही बदला. सीव्हीडीमध्ये (सांधा असलेल्या शाफ्टमध्ये) पिन धरून ठेवणाऱ्या ग्रब स्क्रूला (बिनडोक्याच्या स्क्रूला) निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) हवंच. धातूत धातू असेल तिथे थ्रेडलॉक, प्लास्टिकजवळ कधीच नाही, कारण त्याने प्लास्टिकला तडे जातात.

भरताना ऑइल क्रॉस पिना जेमतेम बुडतील इतकंच. काठोकाठ भरलं की तापल्यावर फुगतं आणि सीलमधून बाहेर येतं. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, रिकामं आणि भरलेलं डिफ तोला, वजन लिहून ठेवा. पुढच्या वेळी "तेच ऑइल घातलं पण गाडी वेगळी का?" हा प्रश्न पडणार नाही. गॅस्केट आणि ओ-रिंग नवीन, स्क्रू आलटून-पालटून समोरासमोरचे आवळायचे.

यानंतर क्राउन-पिनियन, म्हणजे डिफवरचा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा. डिफ गिअरबॉक्समध्ये बसवून पिनियन हाताने हलवा. अगदी किंचित प्ले (ढिलेपणा) जाणवला पाहिजे. जास्त प्ले असेल तर उंच उडीवरून गॅसवर उतरताना दात सुटतात, टक् आवाज येतो आणि काही वेळात क्राउनचे दात भुगा. प्ले नसेल तर गिअरबॉक्स तापतो, बॅटरी किंवा इंधन लवकर संपतं. प्ले कमी करायला क्राउनच्या पाठीमागच्या बाजूला ०.१ किंवा ०.२ मिमीची शिम (पातळ चकती) वाढवा आणि समोरची तेवढीच काढा. मग क्राउन पूर्ण एक फेरी फिरवून तपासा. एका जागी मोकळं आणि दुसरीकडे घट्ट लागलं तर क्राउन वाकडा बसलाय किंवा डिफच्या स्क्रूखाली माती आहे. स्पर-पिनियनचं अंतर ठरवायला वहीच्या कागदाची पट्टी पुरते: दोन्हींमध्ये घालून मोटर दाबून आवळा, पट्टी फिरवून काढा. चुण्या पडाव्यात, फाटू नये.

आता सस्पेन्शन. शॉक काढा, स्वे बारच्या (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणाऱ्या दांडीच्या) लिंक सोडा. प्रत्येक आर्म उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकला तर आधी पिन बाहेर काढून काचेवर लोळवा. वाकलेली पिन उड्या मारते, तिला सरळ करत बसू नका. पिन सरळ आणि तरीही आर्म जड, तर भोकात माती आहे किंवा प्लास्टिक आवळलंय. तिथे योग्य मापाचं रीमर हाताने फिरवा, ड्रिल नको. आर्म पुढे-मागे थोडा सरकला तरी चालतं, वर-खाली डगडगला तर बुश गेलेत. बॉल कप (लिंकच्या टोकाचे प्लास्टिकचे सांधे) घट्ट असतील तर बॉलवर बसवूनच पकडीने हलके दाबा. लालमातीची बारीक धूळ या कपांत बसून दगडासारखी होते, म्हणून कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या गाडीत हे काम दोनदा करा.

शॉक एकेक उघडा. शाफ्टवर उभी चीर दिसली तर शाफ्ट बदला, कारण नवीन ओ-रिंगही त्या चिरेवर गळेल. ऑइल भरून पिस्टन सावकाश वर-खाली करा, बुडबुडे वर येऊ द्या, दहा मिनिटं ठेवून द्या. ही दहा मिनिटं वाचवणारे नंतर "शॉकमधून चप-चप आवाज येतो" म्हणून विचारतात. टोपी लावल्यावर डावा-उजवा शॉक एकत्र दाबा. दोन्ही सारख्या वेगाने परत यायला हवेत. लांबी व्हर्नियरने डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (दोन्ही टोकांच्या भोकांमध्ये) मोजा. डाव्या-उजव्यात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक ठेवू नका. गाडी एकाच बाजूच्या वळणावर पलटत असेल तर गुन्हेगार बहुधा इथेच सापडतो.

ऑइल विकत घेताना बाटलीवर वेट (जाडीचं दुसरं माप) लिहिलंय की सीएसटी, ते वाचा. असोसिएटेडचं ३५ वेट म्हणजे ४२५ सीएसटी, ४० वेट म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३५ याच जाडीचं असेलच असं नाही. माझं मत: सीएसटी असलेलंच घ्या. मेमध्ये नागपूरला दुपारी गाडी पळवायची असेल तर ५० ते १०० सीएसटी जाड घाला. थंडीतल्या सकाळी तेच ऑइल गाडीला लाकूड बनवतं.

मग मापं, आणि इथे क्रम चुकवायचा नाही. आधी डाउनस्टॉप स्क्रूने (आर्म किती खाली जाईल ते ठरवणाऱ्या) शॉकची पूर्ण उघडलेली लांबी, मग राइड हाइट (चेसिसची जमिनीपासून उंची), मग कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो (वरून पाहताना चाकाचं तोंड आत की बाहेर). राइड हाइट बदलली की कॅम्बरही बदलतो, म्हणून उलटं केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. राइड हाइट मोजताना टायर, बॅटरी किंवा अर्धी टाकी इंधन, सगळं गाडीत हवं. वीतभर उंचीवरून गाडी सोडा, बसू द्या, मग मोजा. चांगली सुरुवात म्हणजे पुढे २६-२७ मिमी, मागे २८-२९. कॅम्बर पुढे उणे १ अंश, मागे उणे २. मागचा टो-इन ३ अंश, पुढचा शून्य ते १ अंश टो-आउट. स्वे बार सगळ्यात शेवटी जोडा: एका बाजूचा आर्म उचलला की दुसरा लगेच हलला पाहिजे, आणि उलट बाजूनेही तितक्याच उंचीवर. पुढेमागे होत असेल तर लिंकची लांबी एक-एक फेरा बदला.

एवढं झालं की सुरुवातीचे आकडे खरे बोलायला लागतात. गॅस दिल्यावर पुढची चाकं फुगून फिरतात आणि गाडी पुढे जात नाही? मधलं डिफ पातळ आहे, ७००० वरून १०,००० करून बघा. वळणातून बाहेर पडताना गाडी सरळच जाते? मधलं थोडं पातळ करा. वळणात शिरतानाच नाक बाहेर जात असेल तर पुढचं पातळ करा. उडीनंतर चेसिस जमिनीवर आपटत असेल तर आधी शॉक ऑइल, स्प्रिंग नंतर. एका वेळी एकच गोष्ट, आणि तेच टायर. टायर बदलले की आधीचं सगळं निरीक्षण मोडीत निघतं.

पहिली टाकी किंवा पहिला पॅक संपला की पुढच्या आणि मागच्या डिफच्या घरांना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर तिथली शिम घट्ट आहे. चाकाचे १७ मिमी नट, मोटर पिनियनचा ग्रब स्क्रू आणि आर्मच्या पिना धरणारे स्क्रू पुन्हा आवळा, राइड हाइट परत मोजा. नव्या ओ-रिंग पहिल्या धावेत बसतात, त्यामुळे ती मिलिमीटरभर खाली आलेली असते.