दारात अडकलेली काच

गेल्या महिन्यात गाडीच्या मागच्या दाराची काच खाली केली आणि ती पुन्हा वर येईना. स्विच ओढला की दाराच्या आतून मोटर फिरल्याची घरघर ऐकू येई, पाठोपाठ कटकट असा आवाज होई. काच मात्र जागची हलत नसे. दाराचे आतले पॅनेल काढण्यापूर्वी हा आवाज नीट ऐकायलाच हवा, कारण मोटर फिरत असेल तर फ्यूज, स्विच आणि वायरी शाबूत असतात आणि दोष बहुधा मोटर व काच यांना जोडणाऱ्या रेग्युलेटरमध्ये असतो. आवाजच आला नसता, तर मी आधी फ्यूज आणि स्विच तपासला असता, मग दार व खांब यांच्यामधल्या रबरी नळीतील वायरी. दार वर्षानुवर्षे उघडमिट होताना त्या तिथेच वाकून वाकून तुटतात.

काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो, शिवाय हात आत असताना मोटर अचानक फिरली तर बोट चिरडू शकते, म्हणून बॅटरीचे ऋण टोक सोडवूनच मी कामाला लागलो. हँडलमागचे आणि हात टेकवण्याच्या खाचेतले स्क्रू काढले, कडेच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचकटल्या आणि पॅनेल सुटले. त्यामागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे, गाडीत शिरू नये, यासाठी तो असतो. घाईत तो फाडून टाकणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर पायाखालचा गालिचा ओला का राहतो हे गाडीच्या मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही. मी तो न फाडता सोलला आणि काम संपल्यावर त्याच जागी दाबून बसवला.

आत बिघाड डोळ्यांसमोर होता. काच पेलणारा प्लास्टिकचा तुकडा मधोमध दुभंगला होता आणि त्यातून निसटलेल्या पोलादी केबलचे बारीक पीळ उलगडून झाडूच्या काड्यांसारखे पसरले होते. काच हाताने वर सरकवून रुंद चिकटपट्टीने दाराच्या चौकटीला पक्की बांधली, कारण रेग्युलेटर सुटला की तिला खालून आधार उरत नाही. मोटर उत्तम होती. तीन स्क्रू काढून तीच नव्या रेग्युलेटरवर बसवली. अशा वेळी मोटरही बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात, पण जी वस्तू चालते ती फेकू नये असे मला मनापासून वाटते.

तो तुकडा मुळात तुटला का, हा प्रश्न मात्र माझा पिच्छा सोडत नव्हता. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यावरून बोट फिरवले, तर धुळीचा काळा, खरखरीत थर हाताला लागला. काच त्यात जखडत होती आणि मोटरचा सगळा जोर त्या तुकड्यावर येत होता. खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून तिच्यात सिलिकॉनचा फवारा मारला. तेल किंवा ग्रीस तिथे लावू नये. त्याने रबर फुगते आणि धूळ आणखी चिकटते.

बॅटरी जोडल्यावर काच सावकाश पूर्ण वर नेली आणि ती आपोआप बंद होण्याची सोय पुन्हा सुरू व्हावी म्हणून स्विच काही सेकंद तसाच ओढून धरला. आता काच एकाच संथ लयीत, कुठेही न अडखळता वर जाते.