वीतभर कुत्रे

कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात परवा दुपारी कुत्र्याचा रेनकोट टांगलेला दिसला. पिवळाधमक, शेपटीसाठी मागे भोक ठेवलेला, पोटाखालून बांधायचा पट्टा असलेला आणि मापाने इतका इवलासा की पहिल्या नजरेत मला ते बारशातले टोपडेच वाटले. कुत्र्यांना कपडे घालणाऱ्यांविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. तरीही मी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. तीन किलोपर्यंतच्या कुत्र्याला होतो, असे दुकानदाराने सांगितले, आणि तीन किलोंचे कुत्रे म्हणजे नेमके केवढे, याचा विचार करीतच मी घरी आलो.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात घरमालकीण माईंचा टिपू होता. पांढरा, लांब केसांचा, निमुळत्या तोंडाचा. सगळा वाडा त्याला पॉमेरियन म्हणत असे. सकाळी जर्मनच्या ताटलीत दुधात कुस्करलेली शिळी पोळी आणि रात्री आमटीभात, एवढ्यावर त्याने वाड्यातल्या मुलींची लग्ने पाहिली. वैशाखात तो माठाच्या तिवईखाली, जिथे पाणी ठिबकून शहाबादी फरशी काळीशार झालेली असे, तिथे मागचे पाय पसरून पोट टेकून पडायचा. पाणी घ्यायला आलेल्याने त्याला न उठवता वाकून तांब्या भरायचा, असा अलिखित नियम होता. पोस्टमन आला की मात्र तोच टिपू जिन्यापर्यंत झेप घ्यायचा, आणि माई आतूनच ‘अहो, तो काही करत नाही’ असे ओरडायच्या. एकाही पोस्टमनाने त्यावर विश्वास ठेवल्याचे मला आठवत नाही.

टिपू पॉमेरेनियन नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आपल्याकडे त्या नावाने घरोघरी वावरलेला कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो आणि त्याचे वजन ५ ते ७ किलो, कधी त्याहूनही जास्त भरते. खरा पॉमेरेनियन १.५ ते ३.५ किलोंच्या आसपास राहतो. बाल्टिक समुद्राच्या काठच्या पोमेरेनिया प्रांतातले त्याचेही पूर्वज चांगले थोराड होते. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा एक लहानखुरा पॉमेरेनियन आणला, आणि मग लहान चणीची हौस इंग्लंडात अशी पसरली की पैदास करणाऱ्यांनी ही जात पाहता पाहता ओंजळीत मावेल एवढी करून टाकली. माणसाची हौस आणि कुत्र्याची हाडे, यांत झीज कोणाची होते हे सांगायला नको.

कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला निवृत्त झाल्यापासून असेच एक कुत्रे हवे आहे. लहान कुत्र्याचे कामही लहान, असा तिचा हिशेब. चहाच्या कपात बसवलेल्या एका पिल्लाचा फोटो तिने मला फोनवर दाखवला. ‘टीकप’ नावाची जात कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कोणत्याही प्रमुख केनेल क्लबाच्या यादीत नाही. त्या कपात असते ते एकतर अगदी कोवळे पिल्लू, नाहीतर वेतातले सर्वांत अशक्त. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. तरी ‘महिन्याचंच आहे, लगेच लळा लागेल’ असे विकणारे बिनदिक्कत सांगतात. मी तिला एकच सुचवले, की पिल्लाच्या आधी त्याची आई पाहा. खाण तशी माती. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याचे पिल्लू फुकट मिळाले तरी आणू नये. तिला शिह त्झू ही चपट्या नाकाची जात आवडते. श्वासाला आधीच अडणारे ते नाक आणि चाळिशी गाठणारा पुण्याचा एप्रिल यांचे कसे जमणार, असे मी म्हटले, तर “एसी आहे ना,” म्हणाली.

खरे काम पिल्लू घरात आल्यावर सुरू होते. किलोभराच्या जिवाच्या अंगात साठवण अशी नसतेच. दिवसातून चार वेळा थोडेथोडे पोटात गेले नाही तर रक्तातली साखर घसरते, पिल्लू लटपटते, मान टाकते, आणि मग बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळत डॉक्टरांकडे धावावे लागते. सोफ्यावरून मारलेली एक उडी गुडघ्याची वाटी सरकवायला पुरते. गळपट्टा ओढला गेला की नाजूक श्वासनलिका दबते, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेसच बरा. दातांचे तर विचारूच नये. ओळखीतल्या एका पिल्लाचा वरचा ओठ डॉक्टरांनी अंगठ्याने उचलून दाखवला, तेव्हा दुधाचा सुळा न पडता तसाच होता, त्याला खेटून पक्का सुळा उगवला होता आणि दोहोंच्या फटीत भाताचे एक शीत अडकून बसले होते. टिपूचा आमटीभातही आता विसरायला हवा, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पावसाळा सरल्यावर वेताळ टेकडीवर न्यावे, तर वाळल्या गवताची कुसळे पायाच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात. घरी आल्यावर मांडीवर घेऊन एकेक बेचके उघडून पाहायचे आणि त्याच बैठकीत गोचिडीही शोधायच्या. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस ही त्या मानाने सोपी कामे.

बहिणीने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपल्या बाजूचा एकच मुद्दा मांडला, की लहान जातीची कुत्री मोठ्यांपेक्षा जास्त जगतात. ते खरेच आहे. नीट सांभाळले तर बारा ते पंधरा वर्षे सहज. ती आता सत्तरीला टेकली आहे, मुलगा कॅनडात असतो. मी मनातल्या मनात बेरीज केली. तिनेही ती केव्हाच केलेली असणार, कारण चहाचे कप उचलता उचलता तिने विचारले, “माझ्यानंतर तू नेशील ना रे त्याला?” मी तिच्याहून दोनच वर्षांनी लहान आहे.