रेणूला कुठे धरून ओढायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचा: “आमच्या कॉलेजात अल्ट्रासाउंडचं यंत्र नाही. मग बलाने अभिक्रिया कशी बदलते, हे कॉम्प्युटरवर कसं बघायचं?”

माग बघितलेल्या सोलापूरकराला ताण वाढला की सूत तुटतं हे सांगायला नको. रेणूत मात्र बल नुसतं तोडत नाही, अभिक्रियेची वाटच बदलतं. (उखळात शेंगदाणे कुटल्यावर चटणीला तेल सुटतं ते यात धरू नका. ते दाण्यात आधीपासूनच असतं.) बेंझोसायक्लोब्युटीन घ्या, म्हणजे बेंझीनला चिकटलेलं चार कार्बनांचं कडं. उष्णतेने त्याची सिस (जोडलेले दोन गट कड्याच्या एकाच अंगाला) आणि ट्रान्स (विरुद्ध अंगांना) रूपं वेगवेगळी उघडतात. पॉलिमरच्या साखळीत बसवून अल्ट्रासाउंड दिला (त्याने साखळी ताणली जाते), तर दोन्हींतून एकच पदार्थ मिळतो. हा प्रयोग २००७ चा.

आख्खी साखळी घेऊ नका. कड्याला साखळीशी जोडणारे दोन्ही एस्टर गट ठेवा, टोकांना मिथाइल लावा, बाकी छाटा. आधी बल न लावता रचना स्थिर करून घ्या. मग टोकाच्या दोन कार्बनांमधलं अंतर बांधा, दर पायरीला ०.०५ आंग्स्ट्रॉमने वाढवा आणि बाकीचे अणू हवे तसे बसू द्या. ऊर्जा आणि अंतराच्या आलेखाचा उतार म्हणजे बल. प्रोग्रॅम ऊर्जा हार्ट्रीत आणि अंतर बोरमध्ये देत असेल, तर १ हार्ट्री प्रति बोर म्हणजे ८२.४ नॅनोन्यूटन. अंतर बांधून बल काढण्याची ही मार्टिन बेयर यांची २००० सालची कोजेफ (COGEF) पद्धत. दर पायरीची फाइल वेगळी ठेवा, उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

चूक बहुधा धरण्याच्या जागेत होते. कड्याच्या कार्बनांनाच धरलं तर बंध सरळ ताणला जातो. खरं बल एस्टरमधून तिरकं येतं. फरक किती पडतो? बलाने अभिक्रियेचा वेग किती वाढतो हे सांगणाऱ्या बेलच्या सूत्रात वेग बल गुणिले अंतर यावर घातांकाने वाढतो. अंतर म्हणजे संक्रमण अवस्थेपर्यंत (अभिक्रियेच्या वाटेवरच्या ऊर्जेच्या माथ्यापर्यंत) जाताना धरलेली टोकं जेवढी लांब सरकतात तेवढं. १ नॅनोन्यूटन बल, ३०० केल्विन तापमान आणि ०.०४ नॅनोमीटर अंतर असेल, तर वेग सुमारे १६ हजार पट होतो. तेच अंतर ०.०२ धरलं की जेमतेम सव्वाशे पट.

आलेखाचा सुरुवातीचा भाग नुसता पीळ सरळ होण्याचा असतो. मध्येच ऊर्जा धपकन उतरली तरी कडं उघडलं असं समजू नका, रचना उघडून बघा. कित्येकदा एस्टरच फिरलेला असतो. कोजेफचं कमाल बल प्रयोगातल्या आकड्याशीही ताडू नका, त्यात उष्णतेचा धक्का धरलेलाच नसतो. त्यामुळे ते जास्तच येतं.

सिस रूपाला आणखी एक खोड आहे. इलेक्ट्रॉन जोडीनेच राहतील असं धरणारं गणित बंध सुटताना ऊर्जा अवाच्या सवा दाखवतं. तिथे अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे जोडीची अट न घालणारं गणित लावा. पण नुसतं लावून भागत नाही. स्पिनच्या वर्गाची किंमत (प्रोग्रॅममध्ये S², इलेक्ट्रॉनांची जोडी किती सुटली याची खूण) बंध सुटण्याच्या सुमारालाही शून्यावरच अडकली असेल, तर गणित जोडीच्या जुन्याच उत्तरावर घसरलंय का याची शंका घ्या. होमो (भरलेली सर्वांत वरची कक्षा) आणि लुमो (रिकामी सर्वांत खालची कक्षा) मिसळून सुरुवातीचा अंदाज बदला आणि तीच पायरी पुन्हा चालवा.